दूरच्या संगणकाला दिलेली आज्ञा का फसते?

अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा पवईच्या एखाद्या कार्यालयात रात्रपाळीला आलेला अभियंता ज्या संगणकावर काम करतो, तो बहुतेक वेळा त्याच्या टेबलावर नसतोच. तो नवी मुंबईत, सिंगापूरमध्ये किंवा अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एखाद्या वातानुकूलित दालनात ठेवलेला असतो. टेबलावरचा संगणक म्हणजे केवळ खिडकी. त्या खिडकीतून आज्ञा जायची, तिकडे काम व्हायचे आणि निकाल परत यायचा, असा हा व्यवहार असतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर तो बोरिवली-मुलुंडच्या घराघरांत पोहोचला. लेखापाल, बँक कर्मचारी, वृत्तपत्रांचे उपसंपादक असे सारेच स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावरून कार्यालयातील संगणक चालवू लागले.

याबरोबर एक जुनी डोकेदुखीही घरोघरी आली. स्वतःच्या संगणकावर बिनबोभाट चालणारी आज्ञा दूरच्या संगणकावर दिली, की फसते. कधी दोन शब्दांचा त्रोटक संदेश येतो, कधी पडदा नुसताच थिजतो, तर कधी कोणतीही तक्रार न येता काम मात्र झालेले नसते. यांपैकी तिसरा प्रकार सर्वाधिक घातक होय.

जुहू ते पवई

दूरच्या संगणकाशी बोलण्याचा भारतातील आरंभीचा प्रयोग मुंबईच्या उपनगरांतच झाला. तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'अर्नेट' हा शैक्षणिक संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतील हा विभाग आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) यांचा समावेश होता. जुहूचे हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास साध्या दूरध्वनी तारेवरून मोडेमच्या साहाय्याने संदेशांची देवाणघेवाण सुरू झाली. १९८९ मध्ये याच केंद्रातून अमेरिकेशी सेकंदाला ९६०० बिट वेगाची जोडणी झाली. केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. सर्वसामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा सुरू झाली ती मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

त्या काळच्या युनिक्स संगणकांवर 'यूयूसीपी' नावाची व्यवस्था वापरली जाई. तिच्यात दूरच्या संगणकावर आज्ञा चालवण्याचीही सोय होती. मात्र कोणत्या आज्ञा चालू द्यायच्या, याची यादी यजमान संगणक स्वतःकडे ठेवी; यादीबाहेरची आज्ञा आली, की ती नाकारली जाई. पुढे 'आरएसएच' ही सुटसुटीत पद्धत आली. तिचे दोन दोष होते. एक, सारा मजकूर उघडा जाई. दुसरा, तिकडे आज्ञा फसली तरी तिचा निकाल इकडे नीट कळत नसे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीला गेल्याचे उघडकीस आल्यावर तेथील तातू युलोनेन यांनी 'एसएसएच' ही सांकेतिक, सुरक्षित पद्धत तयार केली. आज जगातील बहुतांश सर्व्हर तिच्याच आधारे चालवले जातात. तारा, वेग आणि कुलपे बदलली. परंतु आज्ञा दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या नियमांनी चालते, हे जुहूच्या मोडेमच्या काळातील सत्य आजही कायम आहे.

आज्ञा कुठवर पोहोचली?

समजा, घाटकोपरमधील एका कापड व्यापाऱ्याच्या हिशेबाची प्रत दररोज रात्री भिवंडीच्या गोदामातील संगणकावर काढली जाते. मुलुंडला राहणारा त्याचा हिशेबनीस घरून ही आज्ञा देतो. एके रात्री ती फसते. अशा वेळी बहुतेक जण तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देतात किंवा संगणक बंद करून चालू करतात. वास्तविक पहिला प्रश्न असा हवा, की आज्ञा किती अंतर चालून गेली? वाट, ओळख, वातावरण, अधिकार आणि उत्तर असे पाच टप्पे तिला ओलांडावे लागतात. प्रत्येक टप्प्यावरील अपयशाची भाषा वेगळी असते.

वाटेतच अडखळली असेल, तर तीन संदेश नेहमी दिसतात. 'नाव सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर पत्त्याच्या नोंदवहीतच, म्हणजे 'डीएनएस'मध्ये गडबड आहे. 'कनेक्शन रिफ्युज्ड' याचा अर्थ दार ठोठावले आणि आतून कोणी तरी स्पष्ट नकार दिला. बहुधा तो संगणक चालू आहे, पण ज्या सेवेशी बोलायचे ती सुरू नाही. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे दार ठोठावूनही आतून हूं की चूं नाही. संगणक बंद असेल, पत्ता चुकला असेल किंवा मधल्या फायरवॉलने निरोप मुकाट्याने गिळला असेल. नकार मिळाला तर सेवा तपासावी आणि मौन असेल तर वाट तपासावी, एवढा भेद ध्यानात ठेवला तरी अर्धा वेळ वाचतो.

भिवंडीच्या गोदामात वीज जाऊन आली, मोडेम नव्याने सुरू झाला आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडून त्याला नवा पत्ता मिळाला, तर कालचा पत्ता आज निरुपयोगी ठरतो. घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास घडते. काही जोडण्यांत तर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात. अशा संगणकाला बाहेरून थेट हाक मारता येतच नाही.

वाट तुटलेली नसून नुसती लांबलेली असणेही शक्य असते. मुंबईला युरोपशी जोडणाऱ्या समुद्राखालील तारांचा मोठा भाग लाल समुद्र आणि इजिप्तमार्गे जातो. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट रेंगाळले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रातील तारा तुटल्यावर निरोप लांबच्या वाटेने वळवावे लागले. अशा वेळी उत्तर येते, पण आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमचा संयम त्याआधीच संपलेला असतो.

ओळख पटली नाही

दाराशी पोहोचल्यावर ओळखपत्र दाखवावे लागते. एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरण्याची पद्धत रूढ आहे. ही फाइल इतरांना वाचता येईल अशी उघडी ठेवली असेल, तर प्रोग्रॅम ती वापरण्यासच नकार देतो. नव्या लॅपटॉपवर किल्ली नुसती चिकटवल्यावर 'परवानगी नाही' असे उत्तर येण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. बड्या कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या 'कर्बेरॉस' पद्धतीत दोन्ही संगणकांच्या घड्याळांत साधारणतः पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक पडला, की ओळख नाकारली जाते. पासवर्ड बरोबर असतो, चूक घड्याळाची असते.

ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. 'दूरच्या यंत्राची ओळख बदलली आहे' असा ठळक इशारा कधी कधी झळकतो. तिकडचा संगणक नव्याने घडवला असेल किंवा जुना पत्ता आता दुसऱ्याच यंत्राला मिळाला असेल, तर इशारा निरुपद्रवी असतो. मात्र मध्येच कोणी तोतया बसला असण्याचीही शक्यता असते. म्हणून इशारा पुसून पुढे जाण्यापूर्वी तिकडच्या व्यक्तीला दूरध्वनी करून विचारणे श्रेयस्कर.

घर तेच, रीत वेगळी

सर्वाधिक गोंधळ तिसऱ्या टप्प्यावर होतो. दूरच्या संगणकावर प्रत्यक्ष बसून चालवलेली आज्ञा चालते. तीच बाहेरून एका ओळीत पाठवली, तर 'कमांड नॉट फाउंड' असे उत्तर येते. प्रोग्रॅम तर तिथेच आहे, मग सापडत का नाही? माणूस रीतसर लॉगिन करतो, तेव्हा संगणक त्याच्यासाठी घर लावून ठेवतो. प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे, याची 'पाथ' नावाची यादी वाचतो, भाषा ठरवतो, इतर सोयी करतो. बाहेरून आलेल्या एकट्या आज्ञेसाठी यातील बरीचशी तयारी केलीच जात नाही. यादी तोकडी राहते आणि प्रोग्रॅम असूनही सापडत नाही. रात्री ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या 'क्रॉन'च्या कामांचीही हीच कथा आहे. प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता आज्ञेत लिहिणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

दुसरा सापळा अवतरणचिन्हांचा. 'सगळ्या फाइली' या अर्थी आज्ञेत तारांकन वापरले, की त्याचा अर्थ कोणी लावायचा, इकडच्या संगणकाने की तिकडच्या? आज्ञा अवतरणचिन्हांत बांधलेली नसेल, तर इकडचाच संगणक आपल्याकडील फाइलींची नावे तिच्यात घालून मोकळा होतो. ती नावे तिकडे नसतातच. मुलुंडच्या फाइलींची यादी भिवंडीत शोधली जाते आणि 'फाइल नाही' असे उत्तर येते. आज्ञा पुसून टाकण्याची असेल, तर हा घोळ महागात पडतो.

तिसरा सापळा प्रश्नोत्तरांचा. काही आज्ञा मध्येच 'खात्री आहे का?' असे विचारतात किंवा पासवर्ड मागतात. बाहेरून आलेल्या एकट्या आज्ञेला बहुधा पडदा आणि कळफलक जोडलेला नसतो. प्रश्न विचारला जातो, उत्तर देणारा कोणी नसतो आणि काम थिजते किंवा तत्काळ फसते.

काही कारणे हसू आणणारी असतात. विंडोजवरील नोटपॅडमध्ये लिहिलेली आज्ञावली लिनक्सवर नेली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्तीचे राहते. फाइल समोर असूनही संगणक ती चालवू शकत नाही. फाइलचे नाव देवनागरीत असेल आणि तिकडच्या वातावरणात युनिकोडची निवड नसेल, तर 'हिशेब'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. तिकडचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर मध्यरात्रीचे म्हणून लावलेले काम इकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, म्हणजे पहिल्या लोकल गाड्या भरून धावू लागल्यानंतर.

अधिकार आणि जागा

वातावरण ठीक असले, तरी अधिकार हवा. वाचण्याची मुभा असते, लिहिण्याची नसते. फाइल असते, पण ती 'चालवण्याजोगी' म्हणून नोंदलेली नसते. विंडोजमध्ये आणखी एक अडचण येते. आपण एका संगणकावर शिरतो आणि तिथून तिसऱ्या संगणकावरील फोल्डर मागतो. पहिल्या दारावर दाखवलेले ओळखपत्र दुसऱ्या दारापर्यंत सोबत जात नाही आणि प्रवेश नाकारला जातो. अधिकाराचे सारे जमले, तरी डिस्क भरलेली असू शकते किंवा स्मरणशक्ती अपुरी पडल्याने तिकडची यंत्रणा काम मध्येच मारून टाकते.

या सर्वांचा उलगडा एका छोट्या आकड्यावरून बराचसा होतो. युनिक्स वा लिनक्सवरील प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम फत्ते. १२७ म्हणजे प्रोग्रॅम सापडला नाही; १२६ म्हणजे सापडला, पण चालवता आला नाही; १३७ म्हणजे काम बळजबरीने थांबवले गेले. एसएसएचकडून २५५ आला, तर बहुधा जोडणीच झाली नाही किंवा मध्येच तुटली. पडद्यावरील लांबलचक मजकुरापेक्षा हा आकडा अधिक प्रामाणिक असतो. पण तो पाहण्याची सवय फार थोड्यांना असते.

न कळलेले अपयश

ही सवय नसली तर काय होते, याचे उदाहरण ३१ जानेवारी २०१७ रोजी जगाने पाहिले. 'गिटलॅब' या प्रोग्रॅमरांच्या सेवेतील एका अभियंत्याने रात्री उशिरा एक फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. ती दुय्यम सर्व्हरवर द्यायची होती, गेली मुख्य सर्व्हरवर. काही क्षणांत सुमारे ३०० जीबी माहिती नाहीशी झाली. बॅकअप शोधायला गेल्यावर खरा धक्का बसला. बॅकअपची नेहमीची आज्ञा फसत होती, कारण प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती नव्या माहितीसाठ्यावर चालवली जात होती. अपयशाचे इशारे ईमेलने निघत होते, पण तेही ओळख न पटल्याने स्वीकारलेच जात नव्हते. सहा तासांपूर्वी योगायोगाने हाती काढलेली एक प्रत होती म्हणून सेवा वाचली. तरीही त्या सहा तासांतील सुमारे पाच हजार प्रकल्पांवर आणि सातशे नव्या खात्यांवर पाणी सोडावे लागले.

घाटकोपरच्या व्यापाऱ्याला यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. त्याची रात्रीची आज्ञा फसली, हे हिशेबनिसाला दिसले, हे त्याचे भाग्यच म्हणायचे. अनेक दुकानांत बॅकअप 'चालू आहे' असे वर्षानुवर्षे समजले जाते आणि डिस्क बिघडते त्या दिवशी फोल्डर रिकामा निघतो.

उत्तर आले नाही, म्हणजे काम झाले नाही?

पाचवा टप्पा उत्तराचा, आणि तो विचारदृष्ट्या सर्वांत कठीण. आज्ञा गेली, मध्येच जोडणी तुटली. आता काम झाले की नाही? आज्ञा पोहोचण्यापूर्वी तार तुटली असेल किंवा काम होऊन उत्तर परतताना तुटली असेल. इकडून पाहता दोन्ही प्रसंग अगदी सारखे दिसतात.

शहरी वाचकाला हा अनुभव एटीएमपुढे आलेला असतो. खात्यातून रक्कम वजा होते, नोटा मात्र बाहेर येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी नियम केला. अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली नाही, तर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी. 'यूपीआय'मध्ये प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो, तो याचसाठी. उत्तर आले नाही, तर पैसे पुन्हा पाठवायचे नसतात. त्या क्रमांकाचे काय झाले, हे विचारायचे असते. मात्र विचारण्यालाही मर्यादा हवी. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय कोलमडले, तेव्हा बँकांच्या संगणकांनी व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा वारंवार भडिमार केल्याचे कारण पुढे आले. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्यानंतर अशा विचारणांवर बंधने घातली.

यावरून आज्ञा लिहिण्याचे एक सूत्र निघते. दोनदा दिली तरी नुकसान होणार नाही, अशी आज्ञा असावी. 'शिल्लक एक हजाराने कमी कर' ही आज्ञा दोनदा गेली, तर घोटाळा होतो. 'शिल्लक पाच हजार कर' ही दहा वेळा गेली, तरी निकाल तोच राहतो. दीर्घकाळ चालणारे काम असेल, तर ते जोडणीवर अवलंबून ठेवू नये. जोडणी तुटली, की तिकडे सुरू असलेले कामही पुष्कळदा थांबते. 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' यांसारख्या साधनांत सुरू केलेले काम मात्र चालूच राहते आणि पुन्हा जोडणी झाल्यावर ते जिथल्या तिथे सापडते.

बसल्या फांदीवर कुऱ्हाड

काही आज्ञा फसत नाहीत, नको इतक्या यशस्वी होतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर बंद पडले. देखभालीच्या कामात, जाळ्याची क्षमता पाहण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांमधील सारी जोडणीच तोडली. चुकीची आज्ञा अडवणारी तपासणी होती. पण तिच्यातच दोष होता. दुरुस्तीची आज्ञा ज्या वाटेने पाठवायची, तीच वाट नाहीशी झालेली. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले आणि सुमारे सहा तासांनी सेवा पूर्ववत होऊ लागली.

१९ जुलै २०२४ रोजी याची दुसरी बाजू दिसली. 'क्राउडस्ट्राइक' कंपनीची सदोष सुधारणा भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी बाहेर पडली आणि ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. मुंबई विमानतळावरही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. दुरुस्ती सोपी होती, एक फाइल पुसायची होती. परंतु बहुसंख्य संगणक सुरू होतानाच कोसळत असल्याने आज्ञा ऐकायला तिथे कोणी उरलेच नव्हते. एकेका यंत्रापुढे माणूस बसवून ते काम करावे लागले.

म्हणून फायरवॉल किंवा जाळ्याची रचना दुरून बदलताना अनुभवी अभियंते आधी परतीची सोय करतात. 'दहा मिनिटांत मी थांबवले नाही, तर जुनी रचना परत लाव' अशी आज्ञा प्रथम देऊन मगच बदल केला जातो. वाट तुटली, तर दहा मिनिटे थांबायचे. तुटली नाही, तर ती आज्ञा रद्द करायची.

हे करून पाहावे

० संदेश शब्दशः वाचावा आणि उतरवून ठेवावा. 'चालत नाही' एवढेच सांगितल्याने कोणाचीच मदत होत नाही.

० आधी सर्वांत साधी आज्ञा द्यावी, उदाहरणार्थ तिकडच्या संगणकाचे नाव किंवा तारीख विचारणारी. ती चालली, तर वाट आणि ओळख हे दोन टप्पे एका झटक्यात निकालात निघतात आणि आपण योग्य यंत्रावर आहोत, याचीही खात्री होते.

० तीच मूळ आज्ञा तिकडे लॉगिन करून चालवून पाहावी. तिथे चालली आणि बाहेरून फसली, तर दोष वातावरणाचा किंवा अवतरणचिन्हांचा.

० एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दुखणे कशाने गेले, हे कळत नाही आणि ते परत येते.

० तपशीलवार नोंदी दाखवण्याची सोय वापरावी. मात्र त्या मदतीसाठी इतरांना पाठवताना पासवर्ड, किल्ल्या आणि पत्ते झाकावेत.

० आज्ञा पुन्हा देण्यापूर्वी पहिली चालली होती का, हे तिकडे जाऊन पाहावे.

भिवंडीच्या गोदामापुरते सांगायचे, तर पत्ता दुरुस्त झाला आणि आज्ञा चालली, की हिशेबनिसाचे काम संपत नाही. तिकडच्या प्रतीतून एखाद्या महिन्याची खतावणी परत उघडून पाहावी आणि ही तपासणी दर महिन्याला करावी. आकडे जुळले, तरच आज्ञा खऱ्या अर्थाने पार पडली असे म्हणता येईल.